यंत्र ओट्यावर राहील की माळ्यावर जाईल?

स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या जाहिराती नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते: त्यांत सिंक कधी दिसत नाही. कांदा आत जातो, बटण दाबलं जातं, बारीक चिरलेला कांदा बाहेर येतो आणि ओटा आधीइतकाच लख्ख राहतो. पात्याच्या खाचेत अडकलेली सालं कोण काढतं, रबरी रिंगेला लागलेला वास कसा घालवायचा, एवढं मोठं धूड रात्री ठेवायचं कुठे, यातलं काही तिथे नसतं. आपल्याला भुलवतात ते मधले दहा सेकंद. वाट्याला येते ती त्याच्या आधीची आणि नंतरची खटपट.

तरीही या वस्तूंचा मोह पडतो म्हणून कुणाची टिंगल करावी असं मला वाटत नाही. रोजचा स्वयंपाक कधी संपत नाही. ज्याला तो करावा लागतो त्याला हातभार लावणारी कुठलीही वस्तू खुणावणारच. अडचण एवढीच की एकाच खोक्यात दोन वेगळ्या इच्छा विकल्या जातात. पहिली, रोज जिवावर येणारं एखादं काम सुटावं. दुसरी, आपण वेगळेच कुणीतरी व्हावं: सकाळी ताज्या फळांचा रस काढणारे, घरी पास्ता लाटणारे, सुट्टीच्या दिवशी पाव भाजणारे. पहिल्या इच्छेपोटी घेतलेलं यंत्र बहुधा ओट्यावर टिकतं. दुसरीपोटी घेतलेल्याचे नव्याचे नऊ दिवस. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेलाही जागा लागते, आणि ओट्याची लांबी काही वाढत नाही.

खालच्या पायऱ्या क्रमाने केल्या तर निर्णय जवळजवळ आपोआप होतो. बऱ्याचदा तो ‘नको’ असाच होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पायरी 1: दोन आठवडे नोंद करा

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि शेजारी पेन बांधून ठेवा. स्वयंपाक करताना जिथे अडलं, चिडचिड झाली, काम टाळावंसं वाटलं, तिथे लगेच एक ओळ लिहा. रात्री आठवून लिहू नका, कारण रात्री फक्त मोठे घोटाळे आठवतात. नोंदी अगदी साध्या असाव्यात: ‘टोमॅटो चिरताना सुरी घसरली’, ‘भात खाली लागला, फोनवर होतो’, ‘शेगडीवर जागाच नव्हती’, ‘कडधान्य भिजवायचं विसरलो’, ‘कणीक मळायला मनगट दुखतं’.

दोन आठवड्यांनी प्रत्येक ओळीपुढे तिचा प्रकार लिहा. यंत्रं मुळात चारच गोष्टी देऊ शकतात. एक, हाताऐवजी मोटरचं बळ: मळणं, वाटणं, घुसळणं. दोन, पातं: चिरणं, किसणं, सोलणं. तीन, आचेवर ताबा: ठरावीक तापमान, जास्त दाब, सगळीकडून सारखी ऊब. चार, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट, तुमच्याऐवजी लक्ष ठेवणं: काम झालं की स्वतःहून बंद होणं. या चारांत न बसणाऱ्या ओळींपुढे फुली मारा. ‘आज काय करायचं सुचत नव्हतं’, ‘सिंक आधीच भरलं होतं’, ‘मीठ संपलं होतं’ यांवर कुठल्याही दुकानात यंत्र मिळत नाही. फुल्यांची संख्या पाहून बऱ्याच जणांचा खरेदीचा उत्साह इथेच ओसरतो.

उरलेल्या ओळींपैकी जी पुन्हा पुन्हा आली आहे, तिचाच पुढे विचार करायचा. एकदाच आलेली ओळ सोडून द्या, मग ती कितीही चिडून लिहिलेली असो.

पायरी 2: काढण्यापासून ठेवण्यापर्यंतचं घड्याळ लावा

फूड प्रोसेसरचंच घ्या. दोन कांदे चिरायचे आहेत. कपाटातून यंत्र काढायचं, भांडं बसवायचं, त्यात पातं, वर झाकण, झाकणात दट्ट्या. कांदे तरीही सोलून अर्धे करावेच लागतात. मग काही सेकंद घरघर. त्यानंतर भांडं, पातं, झाकण, दट्ट्या असे चार सुटे भाग घासायचे, आणि त्यातलं पातं फेसाळ पाण्यात बुडवून ठेवलं तर बोट कापायची हमी. सुरी असेल तर दोन कांदे चिरा, सुरी आणि फळी विसळा, संपलं.

आता दोन किलो कांदे घ्या. सगळा हिशेब उलटा होतो. सुटे भाग तेवढेच घासायचे, पण हाताने चिरायला अर्धा तास आणि वर डोळ्यांतून पाणी. म्हणजे यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. किती प्रमाणाच्या पुढे ते परवडतं हा खरा प्रश्न. फूड प्रोसेसरचा जन्मच हॉटेलांच्या मुदपाकखान्यासाठी झाला. फ्रान्समध्ये पिएर व्हर्दां यांनी तो आधी व्यावसायिक स्वयंपाकासाठी बनवला, घरगुती आवृत्ती नंतर आली आणि 1973 साली कार्ल सोन्थायमर यांनी ‘क्विझिनार्ट’ या नावाने ती अमेरिकेत विकायला आणली. त्याचं कूळ ढीगभर भाजीचं आहे. दोन माणसांच्या घरात ते अवघडल्यासारखं वागतं, यात नवल नाही.

तुमच्या यादीतल्या कामाचं असंच घड्याळ लावून पाहा. यंत्र घरी नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जा आणि घासण्याचं काम स्वतः करा. ते करायला कुणी नाही म्हणत नाही.

पायरी 3: यंत्राआधी सुरी

पात्याच्या गटातल्या नोंदींचं मूळ बहुतेक वेळा बोथट सुरीत असतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चिरता येईना म्हणून चॉपर. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सालीवरून घसरते, आणि घसरली की बोटावर येते. धारदार सुरी कमी धोक्याची असते, हे चार दिवस वापरल्यावर पटतं.

चांगली सुरी एकच पुरे: साधारण 20 सेंटिमीटर पात्याची, हातात घेतल्यावर मूठ आणि पातं यांचा तोल जमणारी. धार घरी लावता येते आणि ते शिकायला एक दुपार लागते. ती अशी:

सुमारे 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांची बारीकी), पाण्यावर चालणारा धारेचा दगड घ्या. तो भिजवायचा असेल तर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. ओलं फडकं पसरून त्यावर दगड ठेवा, म्हणजे हलणार नाही. पातं दगडावर सपाट ठेवून पाठीकडून उचला. साधारण 15 ते 20 अंशांचा कोन हवा. कोनमापक कुणाकडे नसतो, म्हणून हा अंदाज: पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सव्वा सेंटिमीटर वर ठेवली की कोन पंधराच्या जवळपास येतो. तीन बोटं पात्यावर हलकी दाबून, टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत सारख्या वेगाने फिरवा. कोन बदलू द्यायचा नाही, बाकी सगळं माफ.

काही वेळाने दुसऱ्या बाजूला, धारेच्या अगदी कडेवर, धातूची बारीक खरखर बोटाला जाणवेल. बोट धारेच्या दिशेने कधीच फिरवू नका. पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर, आडवं न्या. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे ही खरखर आली की त्या बाजूचं काम झालं. आता पातं उलटा आणि तेच करा. शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, अगदी कमी दाबाने, काही हात मारले की खरखर जाते. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढा. साल दबण्याआधी कापली गेली तर धार लागली.

लांब पोलादी कांडीने धार ‘लागते’ असा समज आहे. कांडी मुख्यतः वाकलेली कड सरळ करते. मधल्या दिवसांत ती उपयोगी पडते, पण दगडाची जागा घेत नाही. फळी लाकडाची किंवा प्लास्टिकची ठेवा. काचेची आणि दगडाची फळी दिसायला सुंदर, सुरीच्या जिवावर उठलेली. आणि सुरी सिंकमध्ये टाकून ठेवायची नाही, ती लगेच धुऊन पुसायची.

चिरताना डाव्या हाताची बोटं आत मुडपलेली, पेरं पात्याला टेकलेली. कांदा मुळाकडून शेंड्याकडे उभा अर्धा करा, मुळाचा भाग तसाच राहू द्या, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. आधी उभे काप, मग आडवे. एवढं हाताला बसलं की चॉपरचा विषय बहुतेकांचा मिटतो.

एकाच कामाची वस्तू वाईटच, हा नियम मात्र मी मानत नाही. अमेरिकेतले उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता आणि धातूच्या बारीक दांड्याचं सोलाणं धरायला त्रास व्हायचा. त्यातून जाड, मऊ रबरी मुठीचं सोलाणं तयार झालं; 1990 साली ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ या नावाने ते बाजारात आलं आणि संधिवात नसलेल्यांनीही उचललं. दुखणाऱ्या हातासाठी, एका हाताने काम करावं लागणाऱ्यासाठी, कमी दिसणाऱ्यासाठी इथला कुठलाही ‘नको’ लागू होत नाही. तिथे चॉपर ही चैन राहत नाही.

पायरी 4: वजनकाटा आणि थर्मामीटर

या दोन वस्तू मी कुणालाही डोळे झाकून घ्यायला सांगेन. दोन्ही खणात मावतात आणि घासण्याची फारशी खटपट नसते.

एक कप मैदा अलगद भरला तर सुमारे 120 ग्रॅम भरतो, कप पिठात खुपसून दाबून भरला तर 150 च्या घरात जातो. केक एकदा हलका आणि एकदा विटेसारखा होण्याचं कारण इथेच असतं. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो झेपणारा काटा घ्या. भांडं ठेवा, शून्याचं बटण दाबा, पीठ घाला. पुन्हा शून्य, साखर. पुन्हा शून्य, दूध. मापाचे कप घासायचेच राहत नाहीत. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे पाणीही काट्यावरच मोजा.

थर्मामीटर सळईचा, डिजिटल घ्या. आणल्यावर आधी तपासा: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात त्याने शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला 100 अंश सेल्सिअस. उंचीवर राहत असाल तर दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. कोंबडीचं मांस आतून 74 अंशांना पोचलं की सुरक्षित; सळई सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायची. पाव आतून 95 च्या आसपास गेला की भाजला. तळणाचं तेल 170 ते 180 मध्ये राहिलं तर पदार्थ तेलकट होत नाही आणि करपतही नाही. उरलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे जितका कमी वेळ राहील तितकं बरं, कारण जंतू त्याच पट्ट्यात भराभर वाढतात.

पायरी 5: आचेची यंत्रं आतून समजून घ्या

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण प्रत्येक यंत्र ‘सगळं करतं’ असं सांगितलं जातं. कोणतं यंत्र उष्णता कशी पोचवतं एवढं कळलं की ते काय करू शकणार नाही हे आपोआप कळतं.

प्रेशर कुकर यांतला सगळ्यात जुना. देनी पापँ यांनी 1679 साली लंडनमध्ये त्याचा पूर्वज बनवला, सुरक्षा झडपेची कल्पनाही त्यांचीच. बंद भांड्यात वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट झाला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, आणि अन्न त्या जास्त तापमानात झपाट्याने शिजतं. यातून एक गोष्ट निघते, जी फार थोडे पाळतात: पूर्ण दाब आल्यावर आच मोठी ठेवून काहीच मिळत नाही. आतलं तापमान झाकणावरचं वजन ठरवतं. जास्तीची आच फक्त वाफ होऊन बाहेर जाते आणि भांड्यातलं पाणी संपवते. दाब आला की आच बारीक करा, वेळ तिथून मोजा. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, फुगणारी किंवा फेस येणारी धान्यं-कडधान्यं असतील तर अर्ध्यापर्यंतच. दाब आपोआप उतरू दिला तर कडधान्याची सालं फुटत नाहीत.

स्लो कुकरचं तत्त्व याच्या नेमकं उलट: कमी आच, खूप तास. सकाळी लावून विसरून जाणाऱ्यांसाठी उत्तम. एक इशारा मात्र कायम लक्षात ठेवा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते आणि स्लो कुकरची आच कधीकधी तितकी चढत नाही. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मगच त्यात टाका.

मायक्रोवेव्हची कथा रडारपासून सुरू होते. रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांनी रडारच्या मॅग्नेट्रॉनने, म्हणजे त्यातल्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीने, अन्न तापतं हे हेरलं आणि 1945 साली पेटंटसाठी अर्ज केला. 1947 मध्ये आलेलं पहिलं यंत्र पुरुषभर उंच आणि सुमारे 340 किलोचं होतं. आजचं खोकं त्याच तत्त्वावर चालतं: लहरी मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि अन्नात थोडेच सेंटिमीटर शिरतात. त्याच्या पुढे ऊब नेहमीसारखी आत झिरपावी लागते. म्हणून गार जेवण पूर्ण ताकदीवर लावलं की कडा चटका देतात आणि मधे बर्फ राहतो. अर्ध्या ताकदीवर दुप्पट वेळ लावा. साध्या यंत्रात अर्धी ताकद म्हणजे मॅग्नेट्रॉन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. त्या बंद वेळात ऊब पसरते. अन्न ताटात कड्यासारखं मांडा, मधे जागा सोडा, वर झाकण ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. ओलसर अन्नाचा पृष्ठभाग 100 अंशांच्या फारसा पुढे जात नाही. खमंग तांबूस रंगाला साधारण 140 अंश लागतात. त्यामुळे नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींनी भाजल्याचा रंग येत नाही, यंत्र कितीही महाग असो. नुसतं पाणी उकळायचं असेल तर कपात लाकडी चमचा ठेवा. गुळगुळीत कपात पाणी न उकळता उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि हात लागताच उसळतं.

एअर फ्रायर हा पंखा लावलेला छोटा ओव्हन आहे. फिलिप्सने 2010 साली तो आणला तेव्हा नावात ‘फ्रायर’ घातलं, आणि निम्मा खप त्या शब्दाने केला असावा असं माझं मत आहे. पदार्थाभोवती दमट हवेचा एक थर असतो. पंखा तो सतत उडवतो, त्यामुळे पृष्ठभाग लवकर सुकतो आणि कुरकुरीत होतो. वापरायच्या सगळ्या युक्त्या यातूनच निघतात. बटाट्याच्या फोडी धुऊन फडक्यावर अगदी कोरड्या करा, चमचाभर तेल हाताने चोळा, जाळीवर एकच थर पसरा, मधे एकदा हलवा. दोन थर केले की खालचा वाफवला जातो, भाजला जात नाही. रंग सोनेरीवर थांबवा. ओव्हनची पाककृती असेल तर तापमान 20 अंशांनी उतरवा आणि सांगितलेल्या वेळेच्या पाचवा हिस्सा आधीच डोकावून पाहा. घरात पंख्याचा ओव्हन असेल तर हे यंत्र नवीन काही देत नाही. फक्त लवकर तापतं आणि दोघांपुरतं पुरतं. ओल्या, पातळ पिठात बुडवलेले पदार्थ मात्र त्यात करू नका. पीठ सेट व्हायच्या आत जाळीतून गळतं.

भाताचा कुकर दिसायला अगदीच बाळबोध, पण मला आवडतो. तोशिबाने 1955 मध्ये आपोआप बंद होणारा विजेचा कुकर आणला. आजच्या साध्या कुकरचं तत्त्व असं: भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ 100 अंशांवर अडकून राहतो, पाणी शोषलं गेलं की तापमान वर सरकतं, तळाखालचं बटण ते ओळखतं आणि सुटतं. घड्याळ नाही, अंदाज नाही. ज्या घरात भात रोज होतो आणि नोंदीच्या कागदावर ‘खाली लागला’ वारंवार आलंय, तिथे हे एककामी यंत्र जागा व्यापायला लायक आहे.

इंडक्शनबद्दल थोडक्यात: भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तरच ते भांडं चालेल. उष्णता थेट बुडातच तयार होते, त्यामुळे गॅसपेक्षा फार कमी वाया जाते आणि बटण फिरवल्याचा परिणाम लगेच दिसतो. बूड सपाट हवं. पेसमेकर असलेल्यांनी चालू शेगडीपासून सुमारे 60 सेंटिमीटर अंतर ठेवावं.

नॉनस्टिकचा लेप यातल्या बऱ्याच यंत्रांतही असतो, म्हणून तोही इथेच. त्यातलं नेहमीचं रसायन, टेफ्लॉन, 1938 साली रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलं. सुमारे 260 अंशांच्या वर ते खराब होऊ लागतं, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोचतो. त्याचा धूर पाळीव पक्ष्यांच्या जिवावर बेततो. रिकामं भांडं तापवायचं नाही, धातूची घासणी लावायची नाही, लेप निघू लागला की भांडं बदलायचं.

पायरी 6: टेप घेऊन जागा मोजा

यंत्राची लांबी-रुंदी-उंची मोजाच, पण त्याबरोबर वरच्या कपाटाखालची मोकळी उंचीही पाहा. मिक्सरचं झाकण वर उचलावं लागतं, वाफेच्या यंत्रातून वाफ वर जाते, एअर फ्रायरच्या पाठीमागे गरम हवा निघायला मोकळी जागा लागते. मग वजन पाहा. जे यंत्र एका हाताने उचलता येत नाही ते कपाटातून रोज निघणार नाही. त्याची जागा ओट्यावर असेल तरच घ्या.

वीजही मोजा. उष्णता देणारी यंत्रं 1000 ते 2000 वॅट खातात. अशी दोन यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नयेत. बिलाचा हिशेब सोपा: 1500 वॅटचं यंत्र 20 मिनिटं चाललं की अर्धा युनिट.

पायरी 7: दुकानात हात लावून पाहा

झाकण स्वतः उघडा-लावा. जे दुकानात तीन वेळा फसलं ते घरी ओल्या हाताने उघडणार नाही. रबरी रिंग निघते का, पातं सुटं होतं का, खाचा किती आहेत, यावर घासण्याचे तास ठरतात. रिंग, भांडं, झाकण हे सुटे भाग वेगळे विकत मिळतात का हे विचारा. यंत्राचं आयुष्य मोटरपेक्षा रिंगेवर जास्त अवलंबून असतं. एअर फ्रायर घेताना लिटरचा आकडा फसवा असतो, कारण पदार्थ एकाच थरात ठेवायचा आहे. जाळीचं क्षेत्रफळ पाहा. मिक्सरच्या माहितीपत्रकात सलग किती वेळ चालवायचा ते दिलेलं असतं, ते घेण्याआधीच वाचा. जड वाटण असेल आणि तो मधेच बंद पडला तर बहुतेक मिक्सरच्या बुडाशी जादा भाराचं छोटं बटण असतं. थंड होऊ दिल्यावर ते दाबलं की पुन्हा सुरू होतो. दुरुस्तीला नेण्याआधी एवढं करून पाहावं.

‘सात यंत्रं एकात’ अशा वस्तूंबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. सातांपैकी तुमच्या नोंदीत आलेली किती, तेवढेच मोजा. आणि एक सर्किट गेलं की सातही गेली.

शक्य असेल तर आधी महिनाभरासाठी कुणाचं तरी उसनं आणा. माळ्यावर यंत्र असलेले ओळखीचे लोक कमी नसतात, आणि ते परत मागायची घाईही करत नाहीत. जुनं विकत घेत असाल तर वायर, प्लग आणि झाकणाची पकड तपासा. जुन्या कुकरची रिंग आणि सुरक्षा झडप न विचारता नवी टाका.

पायरी 8: पहिला महिना

यंत्र घरी आलं की त्याच दिवशी पाहुण्यांना बोलावू नका. एकच साधा पदार्थ निवडा, रोजच्या जेवणातला, आणि तोच पुन्हा पुन्हा करा. प्रमाण, तापमान, वेळ आणि काय बिघडलं ते लिहून ठेवा. दर वेळी एकच गोष्ट बदला: फोडींची जाडी बदलली तर वेळ तोच ठेवा. पुस्तिकेतल्या वेळा त्यांच्या भांड्याच्या आणि त्यांच्या प्रमाणाच्या असतात, तुमच्या वेगळ्या येतील. हा महिनाभर यंत्र ओट्यावरच राहू द्या, गैरसोय झाली तरी. कपाटात गेलं की ते वाईट होतं की नुसतं नजरेआड होतं, हे कळायला मार्ग राहत नाही.

गरम सूप मिक्सरमध्ये फिरवताना भांडं अर्ध्याच्या आत भरा, झाकणातली मधली टोपी काढून तिथे फडकं धरा आणि सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. वाफ एकदम फुगते आणि झाकण उडवते. हा अपघात नव्या यंत्राच्या उत्साहात जास्त होतो.

घासण्याची सवयही याच महिन्यात लागते. मिक्सरच्या भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब टाकून काही सेकंद फिरवा, पात्याखालचं निघून येतं. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी आणि लिंबाची फोड ठेवून उकळी आणा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग नुसत्या फडक्याने पुसलं जातं. कुकरची रिंग काढून धुवा आणि झाकणाबाहेर सुकू द्या.

महिना संपल्यावर पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा. ज्या ओळीसाठी यंत्र घेतलं ती ओळ अजूनही लिहावीशी वाटते का? वाटत असेल तर यंत्र तेव्हाच कुणाला तरी देऊन टाका, त्याला बाजारात किंमत आहे आणि खोकं शाबूत आहे तोवर. देताना पुस्तिका, सुटे भाग आणि झाकण एकाच पिशवीत घालून यंत्रालाच बांधा. झाकण मागाहून सापडलं की यंत्र घेणाऱ्याच्याही माळ्यावरच जातं.